कंदील आधी

शाळेच्या फळ्यावर विषय होता:
समाजातून बुद्धी, की बुद्धीतून समाज?
प्रत्येकी चार मिनिटं.
परीक्षक मी, हरिपूरचा,
हळदीच्या अड्ड्यावरचा निवृत्त तोलार,
कारण बोलावलेले प्राध्यापक
जयसिंगपुरात रेल्वे फाटकापाशी अडकले होते.

पहिला मुलगा म्हणाला, बुद्धी आधी.
चाक, विस्तव, शून्य,
सगळं त्यानं एकेका डोक्यातून काढलं,
कोंबडीखालून अंडं काढावं तसं, गरम गरम.
दुसरी म्हणाली, समाज आधी.
रानात वाढलेल्या पोराला
तहान लागते, पण ‘पाणी’ म्हणता येत नाही.
दोघांना मी सात-सात गुण दिले.
तोलाराचा हात आहे,
काटा मध्ये आला की थांबतो.

मग तस्लीम बाबालाल मुजावर उठली.
कागद नव्हता. म्हणाली,
“आमच्यात पेवात उतरायच्या आधी कंदील सोडतात.”
आणि गप्प.
घंटा होईपर्यंत ओढणीचं टोक पिळत उभी राहिली.

तिचं भाषण मी पुरं केलं,
सायकल हातात धरून, घरी येताना.

मी पाहिलंय पेव.
तोंड माणूस अंग चोरून जाईल एवढं,
पोट मात्र खोलीएवढं.
बुडाला पाचट, कडेनं शिंदीच्या चटया,
आणि तीन-तीन वर्षं हळद, ना कीड ना बुरशी.
ही माती असं राखते, हे कुणाला सुचलं?
वहीत नाव नाही.
कुणी दरोड्याच्या भीतीनं पुरली असेल,
शेजाऱ्यानं कुडाआडून पाहिलं असेल.
पाहिलं नसतं,
तर ती अक्कल त्याच्याबरोबरच मातीत गेली असती.

पण कंदिलाची गोष्ट निराळी.
दगड सरकवला की आत हवा असते,
वास नाही, रंग नाही, वैर नाही.
दोरीला बांधून कंदील सोडायचा.
तेवला तर माणूस. विझला तर उद्या.

हे ज्याच्यामुळं कळलं, त्याला कळलंच नाही.
तो खाली गेला, पोत्याला टेकला,
त्याला झोप आली असेल.
मग त्याला काढायला दुसरा.
कळलं ते वर दोरी धरून उभ्या असलेल्यांना.
त्यातल्या एकाचं तोंड उघडलं असेल:
“दिवा तरी सोडून बघू.”
हे वाक्य आता कुणाच्या नावावर तोलू?
बोलणाऱ्याच्या? खालच्या दोघांच्या?
की त्या दोरीच्या,
जी दहा हातांनी धरली तरी
एकाच हाताला काचली?

आणि खाली कुणी जायचं,
हे मात्र आधीपासून ठरलेलं असायचं.
त्याला बुद्धी लागली नाही.
शेटजी कधी उतरले नाहीत,
आदगोंडा पाटील उतरले नाहीत,
मीसुद्धा काट्याशीच उभा.
उतरायचे मुजावर.

आता क्लासच्या पाट्या बघून लोक म्हणतात,
हुशारीचं पेव फुटलंय.
पेव फुटणं म्हणजे काय ते आम्ही महापुरात पाहिलं.
कृष्णा आत शिरली, हळद शिजली, कुजली,
महिनाभर गावानं नाकाला फडकं लावलं.
आता माल कोल्ड स्टोरेजला जातो.
तिथं कंदील लागत नाही,
आणि पोरांना तो का लागायचा, हेही.

दुसऱ्या दिवशी वेशीपाशी तस्लीम भेटली,
दळणाचा डबा डोक्यावर.
विचारलं, “पुढं काय बोलणार होतीस?”
“पुढं नव्हतंच काही, तोलारकाका.
तेवढंच होतं.”

आणि ती उताराला लागली.
माझ्या भाषणाचं ओझं
हँडलला तसंच लटकत राहिलं.